सोनेरी कव्हर म्हणजे व्हेरिअंट की नुसतं रीप्रिंट?

खोकेवाला
मंडळी, एकाचा जुन्या कॉमिक्सचा अख्खा खोका उचलला. त्यात १९९० च्या 'स्पायडर-मॅन' क्र. १ च्या तीन प्रती निघाल्या: हिरवी, चंदेरी, सोनेरी. टॉड मॅकफार्लेनचं चित्र तिन्हींवर तेच. विकणाऱ्याने सोनेरी प्रत "दुर्मिळ व्हेरिअंट" म्हणून माझ्या गळ्यात मारली. रात्री तिन्ही शेजारी ठेवून गोष्ट ताडून पाहिली, एका चौकटीचाही फरक नाही. मी आजवर 'कव्हर वेगळं की व्हेरिअंट' एवढंच धरून चाललो होतो. चुकतंय का?

गंजका_स्टेपल
चुकतंय. आणि गळ्यात मारली हेच खरं, कारण सोनेरी ही दुसरी छपाई आहे. हिरवी आणि चंदेरी पहिल्या छपाईतल्या.

कव्हर किती वेगळं आहे हे बघू नका, ते कधी छापलं ते बघा. पहिल्याच छपाईत मुद्दाम वेगळं कव्हर किंवा वेगळी किंमत टाकली, तर तो व्हेरिअंट. माल संपला म्हणून तोच अंक पुन्हा यंत्रावर चढवला, तर रीप्रिंट, मग भले त्याला सोन्याने मढवा. दुसऱ्या छपाईला नवं कव्हर चढवून विकायची युक्ती प्रकाशकांना फार आवडते, आणि आपण दर वेळी फसतो.

माझी स्वतःची फजिती १९७७ च्या 'स्टार वॉर्स' क्र. १ वर झाली. नेहमीची प्रत ३० सेंटची. प्रकाशक मार्व्हलने मोजक्या भागांत ३५ सेंट छापून लोक घेतात का ते आजमावलं, तो व्हेरिअंट, आणि त्यावर लोक जीव टाकतात. घोळ असा की नंतरच्या रीप्रिंटवरही ३५ सेंटच आहेत! मी आकडा पाहिला आणि उडी मारली. घरी आल्यावर कळलं की व्हेरिअंटवर किंमत साध्या चौकोनात असते, माझ्या प्रतीवर ती हिऱ्याच्या आकारात होती.

पण बाकीच्या अंकांवर हिरा दिसला की रीप्रिंट, असंही धरू नका हं. त्याच काळात मार्व्हलचे कितीतरी अंक व्हिटमन कंपनीच्या बंद पिशव्यांतून विकले गेले, त्यांच्यावरही हिरा आहे आणि ते रीप्रिंट नाहीत.

पाचवा_आकडा
नव्या अंकांना एवढी डोकेफोड नाही. बारकोडच्या शेजारी लहान पाच आकडे असतात. पहिले तीन अंकाचा क्रमांक, चौथा कव्हरचा, पाचवा छपाईचा. ००१११ म्हणजे पहिल्या अंकाचं मूळ कव्हर, पहिली छपाई. ००१२१ हा व्हेरिअंट. ००११२ दिसलं की दुसरी छपाई. मी तर आधी शेवटचा आकडा बघतो, चित्र नंतर.

गंजका_स्टेपल
जुन्यांना हे कामाचं नाही. तिथे कव्हरच्या आतल्या बाजूला किंवा पहिल्या पानाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत महिना, वर्ष, पत्ता असतो. दुसरी छपाई असली तर बहुतेकदा तिथेच कबुली सापडते. भिंग घ्या, लाजू नका.

कबुली नसेल तर अंगकाठी बघा. १९६६ मध्ये ग्रामोफोन रेकॉर्डसोबत निघालेल्या मार्व्हलच्या रीप्रिंटच्या कव्हरवर किंमतच नाही. १९७४ मध्ये डीसीने 'अॅक्शन कॉमिक्स' क्र. १ पुन्हा काढला, त्याचं बाहेरचं कव्हर फाडून आतला भाग १९३८ चा म्हणून खपवणारे महाभाग आहेत. पण तो मूळ अंकापेक्षा चांगला ऐसपैस मोठा आहे, पट्टी लावली की संपलं.

वर्तमानपत्री_कागद
बारकोड नसून त्या चौकटीत स्पायडर-मॅनचा चेहरा असेल तरी लोक 'व्हेरिअंट' म्हणून ओरडतात. ती कॉमिक्सच्या दुकानांसाठीची प्रत, बारकोडवाली पेपरच्या स्टॉलवरची. दोन्ही त्याच छपाईतल्या. सोनेरीत मात्र बारकोडवाली प्रत खरंच कमी दिसते, तेवढं बघून घ्या.

खोकेवाला
बघितलं. बारकोड नाही. म्हणजे साधीच.

खोक्याच्या तळाशी एक 'स्टार वॉर्स' क्र. १ पण आहे, ३५ सेंटचा. काल रात्रीपासून मी हवेत होतो. आत्ता किंमत नीट पाहिली. हिरा आहे. स्टेपलराव, हसू नका.