जिवाणूंच्या गुठळ्या दाखवून माणसांना उपाशी ठेवू नका

सूक्ष्मदर्शी
काल या चर्चामंचावर 'दीर्घायू' या नावाने लिहिणाऱ्यांचा लेख आला. मुद्दा थोडक्यात असा: भरपूर खायला मिळालं की जिवाणूत बिघडलेल्या प्रथिनांच्या गुठळ्या होतात आणि तो म्हातारा होतो. उपाशी ठेवला की गुठळ्या होत नाहीत. सबब आपणही रोज सोळा तास उपाशी राहावं. खाली वाहवाच वाहवा. मी जिवाणूंवरच काम करते, गप्प बसवेना.

ई. कोलाय हा आपल्या आतड्यात राहणारा जिवाणू मधोमध दुभंगतो. प्रत्येक पिल्लाला एक टोक नवं मिळतं, दुसरं आईकडून आलेलं जुनं. २००५ साली पॅरिसमध्ये एरिक स्ट्युअर्ट, फ्रांस्वा तादेई वगैरे मंडळींनी एकेका पेशीची वंशावळ कॅमेऱ्याखाली नोंदवली. जुन्या टोकाचा वारसा असलेल्या पेशी किंचित हळू वाढत होत्या. २००८ मध्ये त्याच गटाने गुठळ्यांना चिकटणाऱ्या इब्पए या प्रथिनाला चमकणारी खूण लावली. चमक जुन्या टोकाशी साचत गेली आणि वाढीतल्या घटीचा साधारण ३० टक्के हिस्सा तिच्याशी जोडता आला. गुठळी टोकालाच का? मधली जागा डीएनएने व्यापलेली असते, एवढा मोठा गोळा तिथे टिकत नाही.

आता अन्न. पोटभर अन्न असलं की ही पेशी वीसेक मिनिटांत दुप्पट होते. इतकं नवं प्रथिन बनतं की जुना कचरा विरळ होतो, आणि उरलेला बहुतेक एकाच पिल्लाच्या वाट्याला जाऊन दुसरं जवळपास स्वच्छ निघतं. अन्न संपलं की हे सगळं थांबतं. वाढ थांबलेल्या ई. कोलायमध्ये प्रथिनांचं ऑक्सिडेशन, म्हणजे ऑक्सिजनमुळे होणारी खराबी, वाढतं, हे स्वीडनमध्ये थॉमस न्यूस्ट्रॉम यांच्या गटाने १९९८ मध्येच दाखवलंय. शिवाय गुठळ्या सोडवणारी डीएनएके आणि क्लपबी ही प्रथिनांची जोडी एटीपीवर, म्हणजे पेशीच्या इंधनावर, चालते. उपाशी पेशी ते आणणार कुठून? दावा जवळजवळ उलटा आहे.

पांथस्थ
असहमत. सोयीचे तेवढे शोधनिबंध घेतलेत. २०१० मध्ये हार्वर्डला सुकजून जून यांच्या गटाने जुन्या टोकाच्या पेशी बारीक चरांत अडकवल्या आणि शेजारून ताजं अन्न सतत वाहतं ठेवलं. शेकडो पिढ्या वाढीचा वेग ढळला नाही. मग म्हातारपण कुठे गेलं? आणि चमकणाऱ्या खुणांचं म्हणाल तर २०१२ मध्ये दिसलं की क्लप प्रोटीएजचे (प्रथिनं कापणाऱ्या प्रथिनाचे) ठिपके त्या खुणेमुळेच जमत होते. खूण बदलली, ठिपके गेले. चमकलं म्हणजे गुठळी, हे मी मुळीच मानत नाही.

सूक्ष्मदर्शी
खुणेबद्दल सावध राहायला हवं, मान्य. पण तो २०१० चा, चरांतल्या पेशींचा निबंध शेवटपर्यंत वाचा. वेग टिकला तरी पिढ्या वाढतील तशी त्याच पेशींची मरण्याची शक्यता वाढत गेली. सॅन दिएगोच्या लिन चाओ यांच्या गटाचं म्हणणं असं की जुनी पेशी थोडी घसरून एका पातळीवर स्थिरावते. शिवाय तुमच्या उदाहरणात अन्न अखंड होतं! म्हणजे माझाच मुद्दा.

कृष्णाकाठ
तुमचं ई. कोलाय चालू द्या. माझ्या थोरल्या भावाला क्षय झाला होता. दोन महिन्यांत खोकला थांबला, वजन वाढलं, याने गोळ्या सोडल्या. वर्षाच्या आत पुन्हा रक्त पडलं. डॉक्टर म्हणाले, काही जिवाणू झोपून होते. बीजिंगच्या गटाचं २०१९ चं काम बघा: एटीपी घटलं की ई. कोलायमध्ये गुठळ्या वाढतात, पेशी गाढ झोपते आणि अँटिबायोटिकला दाद देत नाही. गुठळी म्हणजे निव्वळ कचरा नव्हे, ती शत्रूची ढाल आहे. लोक गोळ्या अर्ध्यावर सोडतात, त्याचं काय ते बोला.

तिसरी घंटा
"लोक सोडतात"? किती सहज लिहिलंत! माझी आई प्रत्येक पाकिटावर तारीख लिहून गोळी घ्यायची. लघवी केशरी झाली की म्हणायची, आज औषध लागू पडलं. चौथ्या महिन्यात केंद्रावर उत्तर मिळालं, स्टॉक नाही, पुढच्या आठवड्यात या. पुढच्या आठवड्यातही तेच. नोंद काय झाली? 'रुग्ण अनियमित'. गोळ्या तिने सोडल्या की गोळ्यांनी तिला?

कृष्णाकाठ
आईंबद्दल वाईट वाटलं, पण माझ्या भावाच्या कपाटात भरलेली पाकिटं मी स्वतः पाहिलीत. दोन्ही घडतं. लगेच अंगावर येऊ नका.

तिसरी घंटा
अंगावर येणारच. दोष द्यायची वेळ आली की पहिलं बोट रुग्णाकडे जातं. आणि इथे उपासाचं कौतुक चाललंय! झारखंडमध्ये क्षयरुग्णांच्या घरच्यांना महिन्याला माणशी ५ किलो तांदूळ आणि दीड किलो तूरडाळ दिली, सोबत जीवनसत्त्वं. निकाल २०२३ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. घरातल्यांना क्षय होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी घटलं. क्षयरुग्णांना आहारासाठी मिळणारे निक्षय पोषण योजनेचे महिना ५०० रुपये १००० व्हायला नोव्हेंबर २०२४ उजाडावं लागलं. ज्या घरात ताटात डाळ नाही, तिथे तुमचे सोळा तास कुणाला सांगताय?

दीर्घायू
मूळ लेख माझा. क्षयरुग्णांनी उपास करा असं मी कुठेही लिहिलेलं नाही, माझ्या तोंडी घालू नका. कमी अन्नात यीस्ट, कृमी, उंदीर जास्त जगतात हे जुनं ज्ञान आहे. माझी आजी चातुर्मास पाळायची, नव्वदीपार धडधाकट होती.

पांथस्थ
आजी बाजूला ठेवा. यीस्टच्या त्या प्रयोगांत ग्लुकोज २ टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर आणतात. ते कमी खाणं झालं, उपासमार नव्हे. इथे सगळ्यांनी दोन्ही एकत्र कालवलंय, धागाकर्तीनेसुद्धा. मंद वाढ आणि थांबलेली वाढ यांत गुठळ्यांचं गणित वेगळं असणार. अन्नाचा पुरवठा पायरीपायरीने कमी करून एकेक पेशी पाहा, मग बोला.

सूक्ष्मदर्शी
हे मात्र रास्त. 'दीर्घायूं'च्या बाजूचंही एक सांगते, मनाविरुद्ध. २०१९ मध्ये पॅरिसच्याच गटाने कार्बनचा (म्हणजे अन्नाचा) पुरवठा तोडून उपाशी ठेवलेल्या ई. कोलायचे मृत्यू मोजले. धोका वयानुसार चढत जातो, जवळपास माणसासारखाच, पण भुकेत जागी होणारी ताणविरोधी यंत्रणा तो चढ मंद करते. म्हणजे भूक पेशीला सावरायला लावते, हे खरं. पण त्या उपाशी पेशींची वाढ थांबलेली असते आणि तरी म्हातारपण येतंच. 'उपाशी जिवाणूत गुठळ्या होत नाहीत' हे वाक्य तरीही चूक.

दीर्घायू
झालं समाधान? ते वाक्य काढतो. उपास मी करणारच, तो जिवाणूंना विचारून सुरू केला नव्हता.

तिसरी घंटा
करा ना. पण 'क्षयाचे रुग्ण आणि कमी वजनाची माणसं यांनी हे करू नये' ही ओळ लेखात घाला. आणि पहिल्या परिच्छेदात घाला, तळाशी कुणी वाचत नाही.