इटालियन समजतं पण बोलताना तोंडच उघडत नाही, काय करू? (तोरिनो)

नमस्कार मंडळी, इटलीत शिकलेलं किंवा राहिलेलं कुणी आहे का इथे? मी तोरिनोला मास्टर्स करतेय. कोर्स इंग्लिशमधून आहे आणि दुखणं तिथेच आहे, कारण वर्गात इंग्लिश, प्रोजेक्टला इंग्लिश, घरी फ्लॅटमेट्स एक नागपूरची आणि एक केरळची, म्हणजे दिवसभरात इटालियन काय तर 'चाओ' आणि 'ग्रात्सिए'. येण्याआधी पुण्यात ए-टू लेव्हलपर्यंत (म्हणजे जेमतेम रोजच्यापुरतं) क्लास केलेला, ट्रॅममधली अनाउन्समेंट कळते, पाट्या वाचता येतात, ईमेल पण बऱ्यापैकी समजतात. पण बोलायची वेळ आली की डोक्यात आधी इंग्लिश वाक्य, मग त्याचं इटालियन, मग क्रियापद बरोबर आहे का, आणि तोवर समोरचा इंग्लिशवर आलेला असतो. ते बिचारे मदत म्हणूनच करतात हो, पण माझा उरलासुरला धीर जातो. पोर्ता पालात्सोच्या बाजारात उलटं, भाजीवाले इतक्या फास्ट ओरडतात की मी नुसतं बोटाने दाखवते, पैसे देते आणि निघते.

आता घाई अशी की इंटर्नशिप शोधायचीय आणि बऱ्याच जाहिरातींत त्याच्या वरची, बी-वन नाहीतर बी-टू लेव्हल मागतात. चिल्स किंवा चेली ही इटालियनची परीक्षा अभ्यास करून देईनही, पण इंटरव्ह्यूत बोलणार कोण? चीपियाचे, म्हणजे मोठ्यांच्या सरकारी शाळेतले वर्ग कुणी केलेत का, उपयोग होतो का? आणि 'लेइ' (आपलं अहो-जाहो) कुणाला, 'तू' कुणाला यात मी दर वेळी अडकते.

प्रतिसाद
मी बोलोन्याला होतो. पहिलं म्हणजे इंग्लिशमधून जाऊ नकोस, मराठीतून जा, खरंच सांगतो. 'मी प्याचे' म्हणजे सरळ 'मला आवडतं', अनेकवचनी असेल तर 'मी प्याच्चोनो', आवडतात. तू 'सोनो आंदाता' म्हणणार, मी 'सोनो आंदातो', गेले-गेलो सारखंच. पण खाल्लं म्हणताना आपल्यासारखंच बोलणारा पुरुष की बाई याने फरक पडत नाही, दोघांचं 'ओ मांजातो'. आणि पिझ्झा त्यांच्याकडे स्त्रीलिंगी, म्हणून 'ती खाल्ली' म्हणताना 'लो मांजाता'. इंग्लिशवाल्यांना हे पाठ करावं लागतं, आपल्या कानात आधीच आहे. जोडाक्षरांचं पण तेच, पक्का-कच्चा म्हणणाऱ्याला काय अवघड.

'लेइ' दुकानात, ऑफिसात, वयस्करांना. विद्यार्थ्यांत बिनधास्त 'तू'. चुकून तू म्हटलंस तरी परदेशी म्हणून कुणी मनावर घेत नाही. कुणी इंग्लिशवर आलं तर 'पोस्सियामो पार्लारे इन इतालियानो? स्तो इम्पारांदो' (इटालियनमध्ये बोलूया का? शिकतेय मी) एवढं वाक्य झोपेतून उठवलं तरी आलं पाहिजे. बाजारात बोट नको दाखवू, 'दुए एत्ती दि ओलीवे', दोनशे ग्रॅम ऑलिव्ह, एवढ्याने सुरुवात कर, एक एत्तो म्हणजे शंभर ग्रॅम. चीपिया कर, पैसे नाममात्र असतात, पण तिथे बोलणं कमी आणि व्याकरण जास्त असं मला वाटलं.

प्रतिसाद
टँडम पार्टनर, म्हणजे एकमेकांची भाषा शिकवणारा जोडीदार, वगैरे ठीक आहे पण विद्यार्थी लोक दहा मिनिटांत इंग्लिशवर येतात, त्यांनाही सराव हवा असतो ना. म्हाताऱ्यांना गाठ. तोरिनोत बोच्चोफिला, म्हणजे बोच्चे खेळायचे क्लब असतात, बोच्चे म्हणजे धातूचे गोळे टाकायचा खेळ, तिथले आजोबा लोक दुपारभर बसलेले असतात, वेळच वेळ आणि इंग्लिश शून्य. काही ठिकाणी मेंबरशिप कार्ड मागतात. आपसात ते पिएमोंतेसे, तिथली स्थानिक बोली, बोलतात, ते नाही कळलं तर मनाला लावून घेऊ नकोस, दक्षिणेतून आलेल्या इटालियन लोकांनाही कळत नाही. सान साल्वारियो भागात कासा देल क्वार्तिएरे, म्हणजे वस्तीचं समाजकेंद्र आहे तिथे पण चक्कर मार, काही ना काही चालू असतं.

धागाकर्ती
खूप धन्यवाद दोघांनाही! आवडतं-आवडतातचं कधी डोक्यातच आलं नव्हतं, आज फ्लॅटमेटला पण सांगते. काका, एकच, मला बोच्चे अजिबात येत नाही, नुसतं कॉफी घेऊन बसलं तर चालतं का तिथे, की खेळावंच लागतं?