गॅदरिंगसाठी तिसरीच्या मुलांनी निवडलेले गाणे पटत नाही. नकार द्यावा की दुसरा मार्ग आहे?

तिसरीची आई:

नमस्कार. माझी मुलगी पिंपरी-चिंचवडमधील एका मराठी माध्यमाच्या अनुदानित प्राथमिक शाळेत तिसरीत शिकते. शाळा दर महिन्याला दोन पानांचे वार्तापत्र काढते. आरोग्य तपासणीची तारीख, सहलीचे शुल्क, शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीचा वृत्तांत, वाचनकोपऱ्यात आलेली नवी पुस्तके असा साधाच मजकूर त्यात असतो आणि आम्ही पालक तो आवडीने वाचतो. या महिन्याच्या अंकात जानेवारीतील स्नेहसंमेलनाची सूचना आहे आणि प्रत्येक वर्गाने बसवायला घेतलेल्या गाण्यांची यादीही आहे. ती यादी वाचून मी अस्वस्थ झाले. आमच्या वर्गाच्या नावापुढे जे हिंदी चित्रपटगीत छापले आहे, त्यात दारूचे कौतुक आणि बाईच्या अंगाचे वर्णन याखेरीज फारसे काही नाही.

वर्गशिक्षिकांना विचारले, तेव्हा मुलांनी हात वर करून बहुमताने हेच गाणे निवडले, असे त्यांनी शांतपणे सांगितले. त्या खोटे बोलत नाहीत, कारण माझ्या मुलीनेही हात वर केला होता. पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर दोन तट पडले आहेत. मुलांना कुठे अर्थ कळतो, असे काही जण म्हणतात, तर संमेलनात चित्रपटगीतेच नकोत, असे इतरांचे म्हणणे आहे. मला दोन्ही पटत नाही.

माझी अडचण आणखी एका कारणाने वाढली आहे. मे महिन्यात माझ्या धाकट्या दिरांच्या वरातीत हेच गाणे वाजले आणि मी स्वतः त्यावर नाचले, हे मुलीने पाहिले आहे. आता कोणत्या तोंडाने तिला नको म्हणू? शाळेशी हा विषय कसा काढावा आणि घरी बंदी न घालता तिच्या ऐकण्याला वळण कसे लावावे, याबद्दल जाणकारांनी सांगावे.

खडूफळा:

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत १९ वर्षे शिकवत आहे आणि असा प्रसंग माझ्यावर दोनदा आला आहे. बहुमताला माझा विरोध नाही, पण मतदान कशावर झाले तेही पाहायला हवे. तयारी न करता तिसरीच्या वर्गाला ‘कोणते गाणे घ्यायचे?’ असे विचारले, तर त्या आठवड्यात गल्लीत जे वाजत असेल तेच नाव पुढे येणार. मुलांनी निवड केली असे आपण म्हणतो खरे, पण त्यांच्यापुढे निवडायला दुसरे काही ठेवलेलेच नसते.

मी आता दिवाळीच्या सुट्टीनंतर पाच-सहा गाणी ठरवतो आणि परिपाठानंतर रोज एक, असे आठवडाभर वर्गात ऐकवतो. त्यात एखादे चित्रपटगीत असते, एखादे कोळीगीत असते, पाठ्यपुस्तकातील चाल लावलेली कविता असते आणि एक गाणे मुलांनी सुचवलेले असते. प्रत्येक गाणे ऐकल्यावर त्यात कोण कोणाला काय सांगत आहे, एवढे एकच विचारतो. मतदान शनिवारी होते. गेल्या तीन वर्षांत मुलांनी सुचवलेले गाणे एकदा निवडून आले आणि ते मला बसवावे लागले. ते चांगले झाले, हेही मान्य केले पाहिजे.

शाळेशी बोलताना व्हॉट्सॲप गट टाळा, तिथे शिक्षिकेची बाजू ऐकून घ्यायला कोणी थांबत नाही. शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि आपल्या शाळेत ती नियमित भरते असे दिसते. या वर्षीच्या तिसरीविरुद्ध तक्रार मांडण्याऐवजी गाणे निवडण्याचे चार निकष ठरवून ते वार्तापत्रात छापावेत, असा प्रस्ताव द्या. कोणत्याही वर्गाचे किंवा शिक्षिकेचे नाव त्यात येऊ देऊ नका. कोणी ‘एवढे काय त्यात’ असे म्हटलेच, तर केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाने जून २०१९ मध्ये खासगी वाहिन्यांना दिलेल्या सल्ल्याची आठवण करून द्या. मोठ्यांनी चित्रपटात केलेले सूचक नृत्य लहान मुलांकडून रिॲलिटी शोमध्ये करवून घेऊ नये, असा त्याचा आशय होता. तो शाळांसाठी नव्हता, हे खरे आहे, पण दूरचित्रवाणीने जे टाळावे ते शाळेच्या रंगमंचावर चालवून घ्यावे का, असे विचारता येते.

पेटीवाल्या बाई:

शब्दांबद्दल बरेच लिहून झाले आहे, म्हणून मी गळ्याबद्दल लिहिते. मी प्राथमिक शाळेत संगीत शिकवून निवृत्त झाले. गाण्याचे शब्द चांगले आहेत एवढ्यावरच ते मुलांसाठी निवडणारे पालक आणि शिक्षक मी पुष्कळ पाहिले.

चित्रपटातील गाणे तयार गळ्याच्या प्रौढ गायकासाठी बांधलेले असते. त्याचा अंतरा पुष्कळदा तारसप्तकात वर चढतो आणि ध्रुवपदाची शेवटची ओळ मंद्रात उतरते. आठ वर्षांच्या मुलाचा आवाज साधारण एका सप्तकात मोकळा असतो. त्याच्या वर ते मूल ओरडते आणि खाली गेले की नुसते पुटपुटते. त्यात कराओकेचा ट्रॅक मूळ पट्टीतच वाजवला जातो. मग शिक्षक काय करतात? मूळ ध्वनिमुद्रण लावून देतात आणि मुलांना नुसते नाचायला सांगतात. संमेलन गाण्याचे राहतच नाही. मुले ओठ हलवतात, हातवारे करतात आणि मोबाइलवर पाहिलेल्या नटीची नक्कल करतात. तुम्हाला खटकलेल्या हावभावांचा निम्मा उगम इथे आहे, कारण गाणे गळ्यात बसले नाही, की ते सगळे अंगात येते.

मी पहिली ते चौथीसाठी चार-पाच स्वरांत फिरणारी गाणी शोधत असे. जात्यावरच्या ओव्या, शेतातली भलरी, वासुदेवाची गाणी, भोंडल्याची गाणी ही बिनशिकलेल्या गळ्यांनी काम करता करता म्हणायची असल्यामुळे मुलांना लगेच जमतात. एकाने म्हणायचे आणि बाकीच्यांनी उचलायचे अशी त्यांची रचना असल्याने मागच्या रांगेतले लाजरे मूलही त्यात ओढले जाते. जुने म्हणजे सोवळे, असा माझा दावा मात्र नाही. भोंडल्याच्या गाण्यांत सासूची इतकी निंदा आहे, की एकदा एका आजीबाई संमेलनातून रागावून निघून गेल्या होत्या. काय वगळायचे ते तिथेही ठरवावेच लागते.

आवाजाच्या पातळीबद्दलही लिहिते, कारण ती चर्चा कोणीच करत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या सुरक्षित श्रवणाच्या मानकात प्रौढांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल अशी मर्यादा आहे आणि मुलांसाठी तेवढ्याच वेळेला ७५ डेसिबल. स्नेहसंमेलनाचे भोंगे बहुधा पहिल्या रांगेत बसवलेल्या बालवाडीच्या मुलांच्या कानाशीच ठेवलेले असतात. ते मागे सरकवायला पैसे पडत नाहीत.

घरी मुलीजवळ बसा आणि तेच गाणे तिच्यासोबत एकदा पूर्ण ऐका. ढोलकी कुठे थांबते, ठेका कुठे बदलतो, मागे सनई आहे की यंत्राने काढलेला आवाज आहे, हे तिला ओळखू द्या. तिला त्या गाण्यात काय आवडते, ते तुम्हाला आधी कळले पाहिजे. मुलांना बहुतेक वेळा ठेका आवडलेला असतो. तोच ठेका असलेली दुसरी दहा गाणी सापडतात.

बेंजोवाला:

बाईंचे सगळे म्हणणे मला मान्य आहे, पण या चर्चेत पुढे काय येणार याचा मला अनुभव असल्यामुळे आधीच लिहितो. मी कोल्हापूर जिल्ह्यात बेंजो पार्टीत की-बोर्ड वाजवतो. गाणे अश्लील आहे, गाणे कर्कश आहे आणि गाणे ‘त्या वस्तीतले’ आहे, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. शाळेच्या बैठकीत मात्र त्या तिन्ही एकाच पोत्यात भरल्या जातात.

माझा मुलगा चौथीत असताना त्याने व त्याच्या तीन मित्रांनी बाबासाहेबांवरचे एक गीत सादर करायचे ठरवले होते. आमच्याकडे ते १४ एप्रिलच्या मिरवणुकीत दणक्यात वाजते. त्या गाण्याचा शब्द न् शब्द मुलांना पाठ होता आणि त्याचा अर्थ विचारला असता तर त्यांनी शिक्षकांना शिकवला असता. त्याच्या शाळेने ते ‘डीजेचे गाणे’ म्हणून नाकारले आणि त्याच कार्यक्रमात दुसऱ्या वर्गाचे, तुम्ही वर्णन केले आहे तसले एक गाणे झाले, कारण ते गाजलेल्या चित्रपटातले होते. म्हणून निकष लिहिताना ‘अभिरुचीपूर्ण’, ‘दर्जेदार’, ‘सुसंस्कृत’ हे शब्द कृपया टाळावेत. या शब्दांची गाळणी कोणाच्या हातात असते, ते सर्वांना ठाऊक आहे. त्याऐवजी मुलाला गाण्याचा अर्थ स्वतःच्या शब्दांत आईसमोर सांगता यावा, असे लिहा. त्या कसोटीला भीमगीत उतरेल, अभंग उतरेल, कोळीगीत उतरेल आणि दारूचे गाणे आपोआप गळेल.

वरातीबद्दल म्हणाल, तर आम्ही ती गाणी वाजवतो ती लोक मागतात म्हणून. रात्री १० वाजता ध्वनिक्षेपक बंद करण्याचा नियम आहे. त्या वेळेस ‘अजून एकच’ म्हणत आमच्याशी वाद घालणाऱ्यांत शिक्षकही असतात.

सेटिंगवाला:

मी फक्त मोबाइलपुरते लिहितो. यूट्यूब किड्समध्ये चार वर्षांपर्यंत, पाच ते आठ आणि नऊ ते बारा असे वयोगट निवडता येतात. त्याखेरीज पालकांनी स्वतः मंजूर केलेलेच व्हिडिओ दिसतील, अशीही सोय आहे आणि आठ वर्षांच्या मुलीसाठी मी तीच सुचवीन. एक यादी तयार करायला अर्धा तास लागतो.

संगीताच्या ॲपमधील ‘एक्सप्लिसिट’ (म्हणजे आक्षेपार्ह शब्द असलेले गाणे) या खुणेवर फार विसंबू नका. ती खूण बहुधा गाणे पुरवणारी कंपनीच लावते आणि द्व्यर्थी मराठी-हिंदी गाण्यांवर ती क्वचितच दिसते. चित्रपटाच्या प्रमाणपत्राचाही फार उपयोग नाही. चित्रपट कायद्याच्या २०२३ च्या दुरुस्तीनंतर यूए (मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाने पाहावा अशा चित्रपटाच्या) प्रमाणपत्रात ७, १३ आणि १६ वर्षांवरील असे टप्पे आले आहेत, पण तो निर्णय संपूर्ण चित्रपटाबद्दल असतो, आणि फक्त इंटरनेटसाठी काढलेल्या गाण्यांना ते प्रमाणपत्र लागतच नाही. एक व्हिडिओ संपला की दुसरा आपोआप सुरू होतो, तेवढी सोय आजच बंद करा. मुलांपर्यंत पुष्कळशी गाणी त्याच वाटेने येतात.

तिसरीची आई:

सर्वांचे मनापासून आभार. काल समितीची बैठक झाली, त्याचा वृत्तांत देते.

मी निकषांचा प्रस्ताव मांडला आणि ‘बेंजोवाला’ यांचे वाक्य जसेच्या तसे वाचून दाखवले. एका सदस्यांना ‘भारतीय संस्कृतीला साजेसे’ हे शब्द घालायचे होते. त्यावर पाऊण तास चर्चा झाली आणि शेवटी मुख्याध्यापिकांनीच ते शब्द बाजूला ठेवले. मुलाला अर्थ सांगता आला पाहिजे, निदान ध्रुवपद मुलांनी स्वतः गायले पाहिजे आणि भोंगे बालवाडीच्या रांगेपासून दूर असले पाहिजेत, असे तीन निकष डिसेंबरच्या वार्तापत्रात छापले जातील. आमच्या वर्गशिक्षिका थोड्या दुखावल्या आहेत. मी त्यांना बैठकीच्या आधी भेटायला हवे होते, ही चूक माझी आहे.

सोमवारपासून वर्गात रोज एक गाणे ऐकवले गेले. ‘कोण कोणाला काय सांगत आहे’ असे त्या मूळ गाण्याबद्दल विचारल्यावर एका मुलाने ‘दारू प्यालेला काका सगळ्यांना सांगतोय, की मी दारू प्यायलो’ असे उत्तर दिले आणि वर्ग हसत सुटला. तरी शनिवारच्या मतदानात त्या गाण्याला ३४ पैकी ११ मते पडली. १६ मतांनी कोळीगीत निवडून आले आणि उरलेली मते एका कवितेला गेली. दोन पालक अजून नाराज आहेत, कारण त्यांनी चमचमते कपडे भाड्याने ठरवून ठेवले होते.

घरी मुलीने अपेक्षेप्रमाणे वरातीचा विषय काढलाच. मला ठेका आवडला म्हणून मी नाचले आणि शब्दांकडे लक्ष दिले नाही, असे मी तिला खरे ते सांगितले. तिने ‘माझेही तसेच झाले’ असे उत्तर दिले. अंघोळ करताना ती अजून तेच गाणे म्हणते.

आता एक शंका पेटीवाल्या बाईंसाठी आहे. कोळीगीताच्या ट्रॅकवर मुले अंतऱ्यात ओरडतात. ट्रॅकची पट्टी उतरवता येते का?

पेटीवाल्या बाई:

येते. मोबाइलवर तशी ॲप मिळतात. वेग तोच ठेवून पट्टी अर्ध्या-अर्ध्या स्वराने खाली आणता येते. पण किती उतरवायची हे ॲपवर ठरवू नका. आधी ट्रॅक बंद करा, वर्गातल्या पाच-सहा मुलांना अंतऱ्याची सर्वांत वरची ओळ आणि ध्रुवपदाची सर्वांत खालची ओळ पेटीवर म्हणायला लावा आणि दोन्ही ओळी न ताणता येतील ती पट्टी धरा. खाली उतरवून शेवटची ओळ पुटपुटली जाऊ लागली, तर अर्धा स्वर परत वर घ्या. आणि पेटी वाजवायला वर्गशिक्षिकांनाच बसवा.

तिसरीची आई:

त्या पेटी वाजवतात हे मला ठाऊकच नव्हते. मुलीला विचारले तेव्हा कळले. उद्या शाळा सुटल्यावर त्यांना भेटते.