गाडीतली चूल आणि गॅसची टंकी: आपापले अनुभव सांगा

इंदूरहून गाडी काढायची, मांडू, महेश्वर, जमलं तर थेट हिमाचलातल्या स्पितीपर्यंत जायचं आणि गाडीतच रांधायचं, अशी मंडळी आता आपल्यात बरीच झाली आहेत. कोणी ओम्नीची मागची सीट काढली, कोणी टेम्पो ट्रॅव्हलर बनवून घेतली. गाद्या, पडदे, सोलर यांवर सगळे भरभरून बोलतात. गॅसचा विषय निघाला की मात्र "केलाय काहीतरी जुगाड" म्हणून गप्प. वर आपल्या मोहल्ल्याचं किंवा गावाचं नाव टाका आणि तो जुगाड काय, ते इथे सविस्तर लिहा. टंकी कुठली, बदलता कुठे, बांधता कशी, संपत आली हे कळतं कसं.

सुरुवात मी करतो. माझ्याकडे इंडियन ऑइलची पाच किलोची 'छोटू' टंकी आहे. ओळखपत्र दाखवलं की मिळते, पत्त्याचा पुरावा मागत नाहीत. रिकामी देऊन भरलेली घ्यायची ती त्याच कंपनीच्या कुठल्याही गावच्या वितरकाकडे, काही पेट्रोल पंपांवरही ठेवतात. किलोमागे घरच्या गॅसपेक्षा महाग पडते, हे खरं. पण घरची १४.२ किलोची लाल टंकी भरलेली असली की तीस किलोच्या घरात जाते. घाटात ती पट्ट्यातून सुटली तर काय होईल, हा विचारही नको. शिवाय ती पत्त्यावरच्या कनेक्शनची, परगावी कोण बदलून देणार?

मधला बर्नर ताशी साधारण दीडशे ग्रॅम गॅस खातो. म्हणजे पाच किलोत तीसेक तास. दोघांचा दोन वेळचा चहा, सकाळी पोहे, एकदा कुकर, रात्री खिचडी, एवढ्याला रोजचा दीड तास धरा आणि आपापला हिशेब करा.

सुदामानगर

आमचं निवृत्तीनंतरचं. गाडीने नर्मदा परिक्रमा केली, ओंकारेश्वरहून उचलली. परिक्रमेत बऱ्याच ठिकाणी सदावर्त मिळतं, म्हणजे आटा, डाळ, मीठ-मिरची असा कोरडा शिधा. शिजवायचं आपलं आपण. पायी चालणारे तीन दगड मांडून कंडे, म्हणजे गोवऱ्या, पेटवतात, आम्ही छोटी टंकी आणि एका बर्नरची शेगडी नेली होती.

आता गंमत ऐका. नर्मदामैया कायम उजव्या हाताला ठेवायची आणि पात्र ओलांडायचं नाही, हा परिक्रमेचा नियम. एका गावी टंकी आटोपली आणि एजन्सी निघाली पैलतीरावर. पूल समोर, पलीकडचं दुकान डोळ्यांना दिसतंय. चहावाला पोरगा म्हणाला, "अम्मा, पाँच मिनट का काम है." आमचे हे पुलाकडे पाहीनात सुद्धा. मग पुढचा तालुका येईपर्यंत कंड्यांवर टिक्कड, म्हणजे जाड रोट, भाजले. चांगले लागले, पण धुराने डोळे सुजले ते वेगळंच. ती रिकामी टंकी तेवढे दिवस पायाशी खुळखुळत होती.

पुढे आम्ही दोन टंक्या ठेवायला लागलो. एक चालू, एक सीलबंद. अर्धी बदलून घ्यावी म्हटलं तर उरलेल्या गॅसचे पैसे कोणी देत नाही, तेव्हा हाच मार्ग. परिक्रमेला गाडीने निघणाऱ्यांनी दोन्ही तीरांवरच्या एजन्सींची वेगवेगळी यादी करावी, असं माझं स्पष्ट मत आहे. देवळांच्या याद्या सगळ्यांकडे असतात.

राजेंद्रनगर

किती उरला ते वजनावरून कळतं. टंकीच्या वरच्या लोखंडी पट्टीवर रिकाम्या टंकीचं वजन ठोकलेलं असतं. बॅगा तोलायचा आकड्याचा काटा ठेवा, लटकवा, वजाबाकी करा. काटा नसेल तर एका अंगावरून गरम पाणी ओता आणि मग हात फिरवा. जिथून खाली गार लागेल तिथवर गॅस.

त्याच पट्टीच्या आतल्या बाजूला एक अक्षर आणि वर्ष असतं. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, मग बी, सी, आणि डी म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. 'बी २७' असेल तर जून २०२७ पर्यंत टंकीची तपासणी व्हायला हवी. तारीख उलटलेली कोणी देऊ लागला तर घेऊ नका, दुसरी मागा. देतात.

जुनी पलासिया

कॉम्पोझिट, म्हणजे फायबर-प्लास्टिकची टंकी कोणी वापरत नाही का? लोखंडीच्या जवळपास निम्म्या वजनाची, गंजत नाही, गाडीच्या फरशीला डाग नाही. उजेडाकडे धरली की आतल्या द्रवाची रेघ दिसते, म्हणजे वरचं काटा-बिटा काही नको. फक्त सगळीकडे मिळत नाही. रेग्युलेटर टंकीबरोबरच घ्या, घरचा बसेलच असं धरून चालू नका.

महू

माझं गॅरेज आहे, चार-पाच गाड्यांच्या आत शेगड्या बसवून दिल्यात. एका गिऱ्हाइकाची गोष्ट सांगतो. जाम गेटचा घाट उतरताना वास यायला लागला. त्यांनी वरची खिडकी उघडली, वास जाईना. जाणार कसा? एलपीजी हवेपेक्षा दीडपट ते दुप्पट जड. खाली फरशीवर पसरतो, गादीखाली, खोक्यांमागे जाऊन बसतो. मग गाडी थांबवून बाजूचं नि मागचं दार सताड उघडलं, सगळे लांब जाऊन उभे राहिले, कोणी एक बटण दाबलं नाही. शहाणी माणसं.

गाडी माझ्याकडे आली तेव्हा नळी पाहिली. कप्प्याच्या पत्र्याला जिथून ती आत जात होती तिथे कड उघडी. खडखडाटाने घासून घासून नारिंगी रबर गेलं होतं, आतली तार चमकत होती. साबणाचं पाणी लावल्याबरोबर तिथून बारीक फुगे यायला लागले.

म्हणून माझ्या हातची कामं अशी: टंकीचा कप्पा वेगळा आणि गाडीच्या आतल्या बाजूने बंद, त्याच्या तळाला फरशीतून आरपार भोक, म्हणजे गळलेला गॅस खाली रस्त्यावर पडेल. भोक सायलेन्सरपासून लांब. पत्र्यातून नळी जाईल तिथे रबरी बुश. नळी आयएसआयची, तारेची, पाच वर्षांनी बदलायची. तारीख तिच्यावरच छापलेली असते. टंकी उभीच बांधायची, आडवी केली की वाफेऐवजी द्रव बाहेर येतो. बॅटरी आणि इन्व्हर्टर त्या कप्प्यात चुकूनही नको. गाडी चालू करण्याआधी रेग्युलेटर बंद. लोक म्हणतात, भिया, इतकं कशाला? मी म्हणतो, मग दुसरीकडून करून घ्या.

रामबाग

आम्ही स्पितीला गेलो होतो. काझ्याला सकाळी बर्नर मिणमिणायला लागला, टंकी तर नवी. एलपीजीतला ब्युटेन शून्याच्या आसपास वाफ व्हायचा थांबतो आणि आपल्या टंकीत त्याचं प्रमाण बरंच. ऊन येईपर्यंत थांबलो, नंतर टंकी कोमट पाण्याच्या टबात उभी केली, चहा झाला. टंकीखाली आग धरणारे महाभाग शेजारच्या गाडीत होते, त्यांना हात जोडून थांबवलं. दारं-खिडक्या लावून शेगडीवर अंग शेकू नका. बंद जागेत जळताना होणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

विजयनगर

मुलगी नेदरलँड्सला असते, तिच्याबरोबर भाड्याची कॅम्परव्हॅन घेऊन फिरलो. तिथे पुन्हा भरता येणाऱ्या टंक्या गाडीला पक्क्या बसवलेल्या असतात. वाहनांच्या एलपीजी पंपावर जायचं, बाहेरच्या तोंडाला नळी लावायची, ऐंशी टक्के भरली की आतला व्हॉल्व्ह आपोआप बंद. देशागणिक नळीचं तोंड वेगळं, म्हणून युरोपात चार प्रकारची जोडणी डब्यात ठेवतात. फार सोयीचं वाटलं. आपल्याकडे ऑटो एलपीजी पंपावर अशी टंकी भरून घेता येईल का?

धागा सुरू करणारा

विजयनगर, नाही. आपल्या स्वयंपाकाच्या टंकीत तो ऐंशी टक्क्यांचा व्हॉल्व्ह नसतो. काठोकाठ भरली आणि उन्हात गाडी तापली तर द्रवाला फुगायला जागाच उरत नाही. शिवाय ते बेकायदाही आहे. गल्लीत मोठ्या टंकीतून छोटीत नळीने भरून देणारे असतात, त्यांचंही तेच. स्वस्त पडतं म्हणून इथे कोणी पत्ते देऊ नयेत.

मल्हारगंज

आम्ही ओम्नीवाले. शंभर किलोमीटरपर्यंत कुठेही पोहे-जलेबी मिळते, त्यामुळे आमची टंकी फक्त चहाची! एक विचारायचं होतं, मुक्कामी रेग्युलेटर काढून ठेवावा का?

महू

काढा. आणि सीलबरोबर आलेली दोरीची प्लास्टिकची टोपी लोक फेकून देतात, ती ठेवा. रेग्युलेटर काढला की व्हॉल्व्हवर ती दाबून बसवायची, टक् असा आवाज येईपर्यंत. तरी वास आला तर गॅसगळतीची हेल्पलाइन १९०६ लावा, पण आधी गाडीपासून लांब जा आणि मग फोन काढा.