माल्टाला जाताना माल्टी शिकायची गरजच काय?

फिरस्ता
परवा एकाने माल्टाच्या, म्हणजे भूमध्य समुद्रातल्या त्या चिमुकल्या बेटांच्या देशाच्या, सहलीवर लिहिताना सल्ला दिला: "तिथे सगळ्यांना इंग्रजी येतं, भाषेच्या भानगडीत पडू नका, तेवढा वेळ समुद्रावर घालवा." वाचून डोकं फिरलं. तिथे प्रतिसादात मावलं नसतं म्हणून वेगळा धागा काढतोय.

इंग्रजी येतं, कबूल. ती तिथली अधिकृत भाषाच आहे. पण संसदेतली भाषणं, कोर्टातले खटले, बाजारातली घासाघीस आणि घरातली भांडणं माल्टीतच होतात. २०२१ च्या जनगणनेत या देशाची लोकसंख्या सव्वापाच लाखही भरली नाही, आणि त्यातला पाचातला एक परदेशी. एवढ्याशा लोकांनी आधी इटालियन आणि मग इंग्रजीच्या रेट्यात आपली भाषा टिकवली. १९३४ साली तिला अधिकृत दर्जा मिळाला, २००४ मध्ये देश युरोपीय संघात गेला तेव्हा ती संघाचीही अधिकृत भाषा झाली. त्यांच्या दारात जाऊन आपल्याला सकाळी 'बॉन्जू' (नमस्कार) आणि निघताना 'ग्रात्सी' (आभार) म्हणवत नाही?

दुसरं, लिपी रोमन असली तरी वाचता येत नाही. एक्सचा उच्चार श. क्यू म्हणजे घशातल्या घशात अडकवलेला झटका. जीच्या पुढे आडवी रेघ मारलेला एच आला की बहुतेक वेळा दोन्ही मुके. माल्टा देशातल्याच गोझो बेटाला ते 'आउदेश' म्हणतात आणि पाटीवर जे लिहिलेलं असतं त्यावरून तुम्हाला जन्मात कळणार नाही की हे तेच बेट.

रोखठोक
तो सल्ला मीच दिला होता आणि अजूनही त्यावर ठाम आहे. हॉटेलात 'बॉन्जू' म्हटलं, समोरचा मुलगा नेपाळचा. बसचा ड्रायव्हर केरळचा. जेवण वाढणारी फिलिपिन्सची. ग्रात्सी म्हणायचं तरी कुणाला? स्लिमा भागात तर कित्येक माल्टी कुटुंबं घरातही इंग्रजी बोलतात. अर्धी दुनिया इंग्रजीचे क्लास करायला त्या देशात जाते. चार शब्दांची पोपटपंची म्हणजे आदर नव्हे. नीट वागा, रांगेत उभे राहा, चर्चमध्ये अंग झाकून जा. आदर त्यात दिसतो.

मस्कतकर
एवढी चर्चा कशाला? ती अरबीच आहे. आखातात नोकरी केलेल्या कुठल्याही मराठी माणसाचं काम आरामात भागेल. 'शुक्रन' (अरबीत धन्यवाद) म्हणा आणि पुढे चला.

सई_व
मस्कतकर, कृपा करून असं करू नका. मूळ अरबीचं आहे, सिसिलीत बोलल्या जाणाऱ्या अरबीचं, आणि आकडे तुम्हाला लगेच कळतील: वीहेद, त्नेय्न, त्लीता (एक, दोन, तीन). पण शब्दसंग्रहात इटालियन आणि सिसिलियन खच्चून भरलंय. आभाराचा शब्द तर सरळ तिकडचा. 'शुक्रन' तिथे परकंच वाटतं, आणि "तुमची भाषा म्हणजे अरबीच ना" हे अनेकांना आवडत नाही.

रोखठोक, म्दीना या जुन्या तटबंदीच्या शहराच्या वेशीबाहेर रबात नावाचं गाव आहे. तिथल्या एका दुकानात पास्तित्सी, म्हणजे सारण भरलेल्या खुसखुशीत पेस्ट्र्या, घ्यायला गेले. ट्रेमध्ये दोन प्रकार होते, रिकोटा चीजच्या मधोमध उघड्या आणि वाटाण्याच्या कडेला मिटलेल्या. मी म्हटलं, "त्नेय्न तल-इर्कोत्ता, येक्क योज्बोक", म्हणजे दोन रिकोटाच्या, प्लीज. काउंटरमागच्या मावशी माल्टीत धाडधाड काहीतरी बोलल्या, मला ओ की ठो कळलं नाही. मग इंग्रजीत म्हणाल्या, त्या ट्रेमधल्या नको, भट्टीतून आत्ता येतायत, थांब. पुढे उभ्या असलेल्या जोडप्याला त्यांनी मुकाट्याने आधीच्याच दिल्या होत्या.

रोखठोक
म्हणजे शेवटी इंग्रजीतच बोलल्या ना! गरम पास्तित्सीवरून भाषाधोरण ठरवायचं का?

केअरर_गोझो
मी इथे वृद्धांच्या एका निवासात काम करते, मूळची सांगलीची. धागा पर्यटकांचा आहे, तरी लिहिते. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसांचं इंग्रजी आधी जातं, लहानपणची भाषा राहते. एक आजी रात्रभर "इल्मा, इल्मा" करत होत्या. नवीन आलेली मुलगी त्यांच्या घरातली इल्मा कोण ते कागदपत्रांत शोधत बसली. आजींना पाणी हवं होतं. त्या मुलीला कामावर घेताना कुणी चार शब्दही शिकवले नव्हते. आम्हाला पहिल्याच दिवशी 'इल्मा' आणि दुखण्याला 'उजीह' एवढं तरी सांगायला हवं होतं.

गिरगावकर
अगदी! आमच्या सोसायटीचा बिहारचा वॉचमन मराठी शिकला, वरच्या मजल्यावरचे साहेब अख्खी नोकरी मुंबईत करून निवृत्त झाले, पण 'पाणी आलं का' एवढंही बोलत नाहीत. जो येईल त्याने शिकलंच पाहिजे, मग माल्टा असो की मुंबई.

केअरर_गोझो
गिरगावकर, 'शिकलंच पाहिजे' म्हणणं सोपं आहे. इथलं सिंगल परमिट, म्हणजे काम आणि राहणं दोन्हीचा एकच परवाना, मालकाशी बांधलेलं असतं, काम सुटलं की राहण्याचाच प्रश्न. डबल शिफ्ट करून, निम्मा पगार भाड्यात घालून क्लासला कधी जायचं? आणि धडपडून माल्टी बोललं तरी माझा रंग बघून समोरचा इंग्रजीत उत्तर देतो. वॉचमनला तरी मराठी बोलायला रोज कुणीतरी भेटत होतं.

गिरगावकर
रंगाचं मला माहीत नव्हतं. पण भूमिपुत्रांची भाषा मेली तर जबाबदार कोण? हा प्रश्न टाळू नका.

रोखठोक
भूमिपुत्र बाजूला ठेवा, प्रत्येक धाग्याची मुंबई करायची सवय सोडा! आणि फिरस्ता, तुमच्या लेखाचा सूर असा आहे की ग्रात्सी न म्हणणारा माणूस उद्धट. मी आयुष्यात कुठल्याही देशात कुणाशी उर्मटपणे वागलेलो नाही. हे लागलं मला.

फिरस्ता
उद्धट म्हटलेलं नाही. पण "भाषेच्या भानगडीत" हा शब्द तुमचाच. एखाद्या पाहुण्याने मराठीला भानगड म्हटलं तर तुम्ही ऐकून घ्याल?

रोखठोक
नाही घेणार. शब्द मागे. मत नाही. केअरर ताईंचं म्हणणं शंभर टक्के पटलं, नोकरीवर जाणाऱ्याला शिकवलंच पाहिजे आणि ते मालकाच्या खर्चाने. चार दिवसांच्या पर्यटकाने अक्षरांचे उच्चार बघून जावेत, तेही बसच्या पाट्यांपुरते. त्याच्या पुढे मी येणार नाही.

सई_व
पाट्यांपुरतंच घ्यायचं तर हेही घ्या. राजधानी व्हॅलेट्टाला तिथले लोक नुसतं 'इल-बेल्ट' म्हणतात. रबात दोन आहेत, एक म्दीनाजवळ आणि एक गोझोत, म्हणजे नकाशावरचं व्हिक्टोरिया. इम्जारही दोन. माल्टा बेटावरच्या चिर्केव्वाहून सुटणारी फेरीबोट गोझोच्या इम्जार बंदरात जाते, दुसरं इम्जार माल्टा बेटावरच आहे. बस विचारताना 'आउदेश' म्हणालात तर बरोबर फेरीबोटीच्या धक्क्याचीच दाखवतील.

मस्कतकर
आकडे तरी मला येतात, हे कुणी मान्य करणार आहे का?