उंची ५ फूट १, गाडी हिमालयन: सीट खाली करू की नको? घरात दोन तट पडलेत

चाफा४११:
सेकंडहँड रॉयल एनफिल्ड हिमालयन ४११ घेऊन तीन आठवडे झाले. सीट ८०० मिमी, माझी उंची ५ फूट १, दोन्ही पाय सोडले की नुसते अंगठे टेकतात. पळताना काही त्रास नाही, एकदा चालू पडली की गाडी लोण्यासारखी, घोळ सगळा थांबताना. गेल्या रविवारी वरंध घाटात चहाला थांबले, कडेला उतार होता तो लक्षातच आला नाही, डावा पाय टाकला तर खाली जमीनच नाही, जवळपास २०० किलोचं धूड हळूऽऽच आडवं. टपरीवरचे काका उचलू लागले आणि वर विचारतात, "पोरी, स्कूटी नव्हती का मिळत?" गॅरेजवाला म्हणतो लोअरिंग लिंक (मागच्या शॉकअपच्या जोडणीतला बदली भाग, त्यानं गाडी मागून खाली बसते) टाकून देतो, अर्ध्या दिवसाचं काम. दादा म्हणतो गाडीला हात लावायचा नाही. तुम्ही सांगा.

घाटमाथ्यावरचा:
दादाचं ऐक. २२० मिमी ग्राउंड क्लिअरन्स (गाडीचा तळ ते जमीन अंतर) आहे म्हणून लोक ही गाडी घेतात आणि तू तोच कापायला निघालीस. दोन्ही पाय टेकायची गरजच काय? ढुंगण जरा डावीकडे सरकव, डावा पाय पूर्ण खाली, उजवा मागच्या ब्रेकवर, झालं. थांबायच्या आधी जमीन बघायची सवय लाव. घाटात पडलीस ती सीटमुळे नाही, उतार न बघितल्यामुळे.

टाचाअधांतरी:
हे असले सल्ले देणारे सगळे ५ फूट १० असतात. साहेब, संध्याकाळी सातला कात्रज चौकात उभं राहून दाखवा, मागून बस ढकलतेय, डावीकडून रिक्षा घुसतेय, खाली पावसानं ऑइल पसरलंय, तिथं कुठं ढुंगण सरकवत बसू? आणि मागे कुणी बसलं असलं तर विषयच संपला. मी ५ फूट ३, लिंक टाकून मागून इंचभर खाली घेतली, दोन वर्षं झाली, एकदाही पडलो नाही. नुसत्या टेक्निकवर चालवत होतो तेव्हा पाच वेळा आडवी केली होती, त्यात दोन क्लच लिव्हर मोडले.

स्प्रिंगवाला_मास्तर:
पुढचं काय केलंत ते नाही सांगितलंत. नुसतं मागून खाली घेतलं तर गाडी मागे बसते, पुढचा फोर्क (पुढचं चाक धरणारे दोन दांडे) जास्त तिरका होतो आणि हँडल वळायला आळशी होतं. हेडलाइट वर बघायला लागतो, समोरच्याच्या डोळ्यात. म्हणून फोर्कसुद्धा क्लॅम्पमधून तेवढाच वर सरकवावा लागतो, आणि तो पूर्ण दबल्यावर चाक वर कुठे लागत नाही ना हे तपासावं लागतं. सगळ्यात विसरतात ती गोष्ट म्हणजे साइड स्टँड. गाडी खाली आली, स्टँड तेवढाच, मग गाडी जवळजवळ सरळ उभी राहते आणि वाऱ्यानं नाहीतर नुसत्या धक्क्यानं उजवीकडे पडते. स्टँड कापून परत वेल्ड करावा लागतो. मेन स्टँडवर चढवायला आधीच दम लागतो, आता अजून लागेल. अर्ध्या दिवसाचं काम म्हणणारा गॅरेजवाला यातलं किती करणार ते आधी विचार.

टाचाअधांतरी:
फोर्क सरकवला होता मास्तर, स्टँडही कापला. पण हो, पहिल्याच आठवड्यात सोसायटीच्या पार्किंगमध्ये उजवीकडे पडली होती, मगच कापला 😅 मी वर म्हणालो "एकदाही नाही" ते चालवताना.

नियमात_बसवा:
कायद्याचं कोणीच बोलत नाहीये. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा. कंपनीनं दिलेल्यापेक्षा गाडीत बदल करता येत नाही, २०१९ ला सुप्रीम कोर्टानंही तेच सांगितलंय. उद्या विम्याच्या क्लेमच्या वेळी सर्व्हेअरनं लिंक बघितली तर?

स्प्रिंगवाला_मास्तर:
कलम पूर्ण वाचा की. त्यात आरसी बुकातल्या तपशिलाचा विषय आहे. आरसीवर सीटची उंची कुठे लिहिलेली असते? सीटचा फोम कमी केला म्हणून कुणी पावती फाडल्याचं मी तरी पाहिलं नाही. लिंक आणि वेल्ड केलेल्या स्टँडचं मात्र मी छातीठोक सांगणार नाही, तिथे तुमची शंका रास्त आहे.

पंचगंगाकाठ:
ताई एवढी कटकट कशापायी, मीटिओर घ्या की, ७६५ मिमी सीट, दोन्ही पाय चपाट जमिनीला. गाडी आपल्या मापाची घ्यावी, गाडीला आपल्या मापाची करत बसू नये.

चाफा४११:
दादा, मीटिओर घेऊन राजगडाच्या पायथ्यापर्यंतचा कच्चा रस्ता तुम्ही करून या मग बोलू. मला हीच पाहिजे होती, दोन वर्षं पैसे साठवलेत.

उसवलेली_शिवण:
माझं ऐकणार असशील तर सीट उंचीनं कापू नकोस, पुढून अरुंद कर. टाकीजवळ सीट रुंद असली की मांड्या फाकतात आणि पाय जमिनीकडे सरळ न जाता बाहेर जातात, उंची तिथंच वाया जाते. दोन्ही कडांचा फोम तासला की फरक लगेच कळतो. मी आधी चूक केली, नाना पेठेत एकाकडून वरूनच दीड इंच उडवला, शंभर किलोमीटरनंतर खालचा प्लास्टिकचा बेस टोचायला लागला, गुडघे जास्त दुमडतात ते वेगळंच, आणि शिवणीतून पाणी आत. पावसाळाभर ओली पँट घालून ऑफिसला. मूळ सीट तशीच ठेव, कापायला जुनी दुसरी सीट शोध.

स्प्रिंगवाला_मास्तर:
हे बरोबर. आणि त्याच्याही आधी एक फुकटची गोष्ट. मागच्या शॉकअपचा प्रीलोड बघ, म्हणजे स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवलीय ते. आधीचा मालक वजनदार असेल किंवा सामान लादून फिरत असेल तर त्यानं तो घट्ट केलेला असणार. तुझं वजन कमी, गाडी तुझ्याखाली दबतच नसेल. पिन असलेल्या वाकड्या पान्यानं सैल कर, थोडं तरी खाली येईल. डबल सीट जाताना मात्र परत घट्ट करायचा, नाहीतर स्पीडब्रेकरवर खालची प्लेट घासेल.

घाटमाथ्यावरचा:
एवढं करून शेवटी एक पाय टाकायलाच शिकावं लागणार. लिहून ठेव.

चाफा४११:
अपडेट. प्रीलोड खरंच वरून दुसऱ्या खाचेवर घट्ट होता, आता सगळ्यात सैल केलाय. भंगारवाल्याकडून जुनी सीट आणली, पुढच्या कडा तासून घेतल्या, जाड सोलचे बूट घातले (गिअर लिव्हरखाली बूट जाईना, तो एक दाता वर घेतला). आता दोन्ही चवडे टेकतात, टाचा नाही. लिंक सध्या टाकत नाही. दादा काल स्वतः बसून बघत होता आणि म्हणाला तुझी सीट जास्त आरामाची वाटतेय.

टाचाअधांतरी:
जुलैमध्ये मागे कुणाला तरी बसवून कात्रज करून ये, मग परत इथेच लिहिशील लिंक कुठे मिळते म्हणून.

घाटमाथ्यावरचा:
आणि उतार बघून थांब.