नगरपालिकेनं घरदुरुस्तीला स्वतः कर्ज द्यावं का?

कसब्यातला
मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावांत जुना कसबा अजून दगड-मातीचा आणि माळवदाचा (लाकडी तुळयांवर मातीचं सपाट छत) आहे. घरकुलाचे अडीच लाख (केंद्राचा दीड, राज्याचा एक) मिळतात ते नवं बांधायला. माळवद गळतंय, भिंत पोट काढतेय, याला त्यात जागा नाही. बँक पीआर कार्ड (जागेच्या मालकीचं मालमत्ता पत्रक) आणि मंजूर नकाशा मागते. शेवटी माणूस सावकाराच्या नाहीतर मायक्रोफायनान्सच्या दारात.
माझं म्हणणं असं: पालिकेनं शासनाची मंजुरी काढून 50 लाखांचा फिरता निधी करावा, म्हणजे आलेल्या हप्त्यांतून पुढची कर्जं. घरामागं जास्तीत जास्त 1 लाख, 6 टक्के व्याज, 5 वर्षं मुदत. हप्ता येतो 1,933 रुपये, एकूण परतफेड सुमारे 1 लाख 16 हजार. बोला.

खतावणी
कागदावर गोड दिसतंय. 50 लाख म्हणजे 50 घरं, पैसा संपला. सगळ्यांनी वेळेवर भरलं तरी महिन्याला जमा 96,650, म्हणजे एक नवं कर्जसुद्धा पुरतं निघत नाही. यादीतल्या 75व्या माणसाचा नंबर दोन वर्षांनी. दहा जण थकले की जमा 77,320 वर. आणि ते दहा कोण असतात हे गावात कुणाला विचारायची गरज नाही.
शिवाय वसुली. घरपट्टीच्या थकबाकीवर दरमहा 2 टक्के शास्ती आहे, जप्तीचा अधिकार आहे, तरी थकतेच. कर्जाचा हप्ता हा कर नव्हे, कराचं वॉरंट त्याला चालत नाही. दिवाणी दावा लावा, तोही मुदतीत.
बरं, वित्त आयोगाचा बंधित निधी पाणी-स्वच्छतेचा, त्याला हात लावता येत नाही. राहिला स्वनिधी. त्यातून पगार भागले तर मिळवली.
त्यापेक्षा कर्ज बँकेनं नाहीतर पतसंस्थेनं द्यावं, पालिकेनं फक्त व्याजातला फरक भरावा. 12 टक्क्यांनी लाखाचा हप्ता 2,224. सहा टक्क्यांशी फरक 291, पाच वर्षांत 17,470 रुपये. त्याच 50 लाखांत 286 घरं होतात.

कसब्यातला
286 कोणती, साहेब? ज्यांच्याकडं पीआर कार्ड आहे ती. त्यांना बँक आजही दारात उभं करते. ज्याच्याकडं फक्त कर आकारणीचा उतारा आहे, त्याचं काय?

खतावणी
त्याचं पालिकेनं तरी काय करायचं? कर उतारा मालकीचा पुरावा नाही. आपल्याकडं निम्म्या भानगडी इनामी, गायरान आणि वक्फच्या जागांच्या. कार्ड असलं तरी त्यावर आजोबांचं नाव, खाली चार भाऊ, दोन पुण्यात. गहाणखत कुणाकडून घ्यायचं?

ओळंबा
तुम्ही दोघं पैशावर भांडताय, कामाचं कुणी बोलेना. माळवद गळतं कशानं? दर पावसाळ्याआधी वर नवी पांढरी माती टाकतात, जुनी कुणी काढत नाही. थर वाढत जातो. 10 बाय 12 च्या खोलीवर एक फूट माती म्हणजे 120 घनफूट, 1.2 ब्रास. वजन साडेपाच टनांच्या आसपास, आणि ते सगळं सागाच्या तुळयांवर आणि मातीत रचलेल्या दगडावर.
म्हणून पहिलं काम: माती उतरवून सहा-आठ इंच ठेवायची, मधे जाड प्लास्टिकचा कागद. दुसरं, भिंतीला आरपार सांधे. दगडी भिंतीच्या दोन पाळ्या आत-बाहेर वेगळ्या असतात, मधे भर. पोट काढते ते त्यामुळं. दर दोन फूट उंचीवर आणि आडव्यात चार फुटांवर भोक पाडून हुक केलेली 8 मिलीमीटरची सळई टाकून काँक्रीट भरायचं. तिसरं, खांब आणि तुळईच्या सांध्याला तिरपे टेके.
यातलं सांध्याचं काम गिलाव्याखाली झाकलं जातं. म्हणून हप्ते 40-40-20, आणि दुसरा हप्ता गिलाव्याच्या आधी भोकं मोजूनच. पालिकेचा अभियंता 50 घरांना तीन-तीन वेळा जायचा म्हणजे 150 फेऱ्या. त्याच्याकडं नळयोजना आणि रस्तेही आहेत. तिथं योजना अडकेल, व्याजदरावर नाही.
(आणि कुणी माळवद काढून पत्रा टाकायचा सल्ला देत असेल तर त्यानं मे महिन्यात दुपारी त्याखाली बसून दाखवावं.)

गढीवरची
ओळंबा दादा, शास्त्र बरोबर, पण लोक हे करत नाहीत हे किल्लारीनं दाखवलंय. 30 सप्टेंबर 1993 चा भूकंप पहाटे, माणसं झोपेत, अंगावर आलं ते हेच माळवद. नंतर लातूर-उस्मानाबादमध्ये 52 गावं नव्या जागी वसवली, बाकीच्यांना दुरुस्ती आणि मजबुतीकरणाचं अनुदान दिलं. बऱ्याच जणांनी जुन्या भिंतीला हात न लावता त्या पैशात शेजारी नवी खोली काढली.

खतावणी
म्हणजे पैसा भलत्याच कामाला गेला. हेच म्हणतोय मी.

गढीवरची
भलत्या नाही हो. रात्री झोपायला एक खात्रीची खोली झाली, जुन्या घरात धान्य आणि जनावरं. लोकांचा हिशेब चुकीचा नव्हता. कर्जाच्या अर्जात ‘एक सुरक्षित खोली’ हा पर्याय ठेवा, खोटी बिलं कमी होतील. किल्लारी भागात गावोगावच्या बायका संवाद सहायक म्हणून घरोघर जाऊन माहिती देत होत्या. त्या 150 फेऱ्यांतल्या निम्म्या बचत गटाच्या प्रशिक्षित बायका करू शकतात. भोकं मोजायला पदवी लागत नाही.

ओळंबा
मोजायला नाही लागत. काँक्रीट आत पोचलं का ते कळायला लागतं. पण पहिली फेरी त्यांनी करावी, मान्य.

गढीवरची
अजून एक. मंजुऱ्या मार्चअखेर निघतात, काम एप्रिल-मेमध्ये, मृगाच्या आत उरकायचं म्हणून घाई. त्याच वेळी नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी. नव्या खोलीचं काँक्रीट पक्कं व्हायला 300 चौरस फुटांच्या स्लॅबवर आळी करून दोन इंच पाणी उभं करायला 1,400 लिटर लागतात, वर रोज उन्हानं आटतं ते वेगळं. लोक दोन दिवस शिंपडतात आणि सोडून देतात. स्लॅब पहिल्याच पावसात पाझरतो आणि मग हप्ता कोण भरणार? पैसा दिवाळीनंतर सोडा.

कसब्यातला
दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेला माणूस घरी नसतो, ताई. कामावर लक्ष कोण ठेवणार? उलट वसुलीला मात्र तो काळ बरा. ऊसतोडीची उचल (आगाऊ मजुरी) दसरा-दिवाळीला हातात येते, सोयाबीनही तेव्हाच मोंढ्यात. दरमहा 1,933 हा नोकरदाराचा हिशेब झाला. वर्षाला दोनच हप्ते ठेवावेत, हे मी सुरुवातीला लिहायला हवं होतं.

खतावणी
दोन हप्ते चालतील. मात्र करारात लिहा की काउंटरवर आलेली रक्कम आधी घरपट्टीला की आधी कर्जाला. नाहीतर कारकून मनानं टाकणार आणि लेखापरीक्षणात आक्षेप येणार. आता सामाईक भिंतीचं सांगा. कसब्यात दोन घरांच्या तुळया एकाच भिंतीवर टेकलेल्या. एकानं भिंत उघडली की शेजाऱ्याचं माळवद खाली. कर्ज कुणाच्या नावावर?

कसब्यातला
दोघांच्या. एकच करार, जबाबदारी एकत्र आणि वेगवेगळी. एकानं भरलं नाही तर दुसऱ्याकडून वसूल.

खतावणी
मग सही करायला कोण येतं ते बघू.